हरणाच्या नावाने वाघ

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला आठवा अध्याय राजयक्ष्म्यावरचा आहे. झिजत चाललेल्या, अंगावरचे मांस उतरलेल्या रोग्याला काय खायला घालावे याचा विचार करता करता आचार्य मांसाकडे वळतात आणि एका यादीपाशी येतात. रोग्याला मोराचे मांस द्यावे. गिधाड, घुबड आणि चाष यांचेही द्यावे, पण मोराचे म्हणून. कावळा तित्तिराच्या नावाने द्यावा. साप वर्मी नावाच्या माशाच्या नावाने, तर गांडुळे तळून माशाची आतडी म्हणून द्यावीत. खोकड, मोठे मुंगूस, मांजर आणि कोल्ह्याची पिले सशाच्या नावाने वाढावीत. सिंह, अस्वल, तरस आणि वाघ हरणाच्या नावाने. हत्ती, गेंडा, घोडा यांचे मांस कुटून, मसाला घालून, रेड्याचे म्हणून द्यावे. कारणही लगेच सांगितले आहे. जी मांसे सवय नसल्यामुळे नकोशी वाटतात त्यांच्या बाबतीत छद्म करावे. कळले तर रोगी किळसेने खाणार नाही, किंवा खाल्लेले ओकून टाकील.

हा मजकूर दडलेला नाही. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली, चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह 1941 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघालेली प्रत आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. तरीही आपल्याकडे प्राचीन मांसाहाराची चर्चा निघते तेव्हा ती गायीपाशी सुरू होते आणि गायीपाशीच संपते. वाघ, तरस, कोल्हा, मुंगूस, म्हणजे दुसऱ्याला खाऊन जगणारी आणि बहुतेक केसाळ कातडीची जनावरे, त्या वादात येत नाहीत. मला तो वाद येथे पुन्हा मांडायचा नाही. मांसभक्षकाचे मांस माणसाने खावे की नाही, या प्रश्नाभोवती आपल्या काही जुन्या ग्रंथांत जे बोलले गेले आहे ते एकत्र वाचले, तर वाद चवीचा किंवा गुणाचा फारसा राहत नाही. ताटात काय आहे हे कोणाला कळू द्यायचे आणि त्याला नाव कोणी द्यायचे, यावर तो येऊन ठेपतो. प्रस्तुत लेख त्या एका धाग्यापुरता आहे.

आधी एक सावधगिरी. वैद्यकग्रंथांतल्या याद्या म्हणजे भोजनगृहाचा फलक नव्हे. सुश्रुताने सिंह, वाघ, लांडगा, तरस, अस्वल, बिबळ्या, मांजर, कोल्हा यांचा ‘गुहाशय’ असा वर्ग केला आहे आणि त्यांचे मांस गोड, जड, स्निग्ध, उष्ण, बल देणारे, डोळ्यांच्या व गुह्यरोगांवर हितकर असे सांगितले आहे. एवढ्यावरून त्या काळी लोक सिंह खात होते असे म्हणणे, हे औषधांच्या कोशात सोमल सापडला म्हणून लोक सोमल खात होते असे म्हणण्यासारखे आहे. चरकाची वर्गवारी आणखी वेगळी. झडप घालून, हिसकून खाणारे ते ‘प्रसह’. आणि या एकाच वर्गात गाय, गाढव, उंट, घोडा यांच्या शेजारी बिबळ्या, सिंह, अस्वल, लांडगा, वाघ, तरस, मांजर, खोकड, कोल्हा आणि ‘वान्ताद’ म्हणजे ओकारी खाणारा कुत्रा येतो. गाय आणि सिंह एका ओळीत! या वर्गवारीला पावित्र्याशी कर्तव्य नाही. ती खाण्याची रीत पाहते. याच वर्गातल्या मांस खाणाऱ्यांचे मांस जुनी मूळव्याध, ग्रहणी आणि शोष यांवर द्यावे, असे सूत्रस्थानातच सांगून ठेवलेले आहे. चिकित्सास्थानातला आठवा अध्याय त्या सूचनेची अंमलबजावणी आहे. (तरक्षूला मराठीने ‘तरस’ म्हणून जवळजवळ जसेच्या तसे ठेवले आहे, हे जाता जाता.)

वाघाचेच मांस का? चरकाचे तर्कशास्त्र सरळ आहे. समानाने समान वाढते, मांसाने मांस वाढते. मग ज्याचे शरीरच मांसावर पोसले आहे त्याचे मांस हे मांसाचे सार ठरले. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘जांगल’ या शब्दाचा मूळ अर्थ कोरडी, उघडी भूमी हा धरून आयुर्वेदातले प्राणी, त्यांची भूमी आणि त्यांच्या मांसाचे गुण यांची सांगड उलगडली आहे. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची साखळी आपल्या वैद्यकाला स्पष्ट दिसत होती, हे त्या वाचनातून पटते. त्या साखळीच्या वरच्या टोकाला गुणांबरोबर रोगही साठतात, हे नंतरच्या विज्ञानाने दाखवले. अस्वलाच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून माणसाला कृमी होतात, आणि ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात अ जीवनसत्त्व इतके असते की ते विषासारखे बाधते.

पण माझे लक्ष गुणांपेक्षा त्या नावांवर आहे. चरक इथे पापाचा उच्चार करत नाही. किळस का येते याचे त्याने दिलेले कारण एका शब्दाचे आहे : अनभ्यास. सवय नाही म्हणून. मांस अपवित्र आहे म्हणून नाही, प्राणी हीन आहे म्हणून नाही. इतके निर्लेप विधान आहारनिषेधांच्या आपल्या वाङ्मयात मला दुसरे आढळलेले नाही. गंमत अशी की, हे निर्लेप विधान करणारा लगेच पुढल्या दमात खोटे बोलायला सांगतो. हाच ग्रंथ सद्वृत्ताच्या अध्यायात खोटे बोलू नये असे बजावतो. रोग्याचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असले तरी, जिथे ते सांगून त्याला वा इतरांना धक्का बसेल तिथे सांगू नये, असेही हाच ग्रंथ शिष्याला शिकवतो. म्हणजे न सांगण्याची परंपरा वैद्यकात आहेच. मात्र न सांगणे आणि दुसरे नाव सांगणे यांत अंतर आहे, आणि ते चरकाला ठाऊक आहे. त्याने ‘छद्म’ हा शब्द वापरला आहे; त्याला गोंडस शब्द शोधलेला नाही.

छद्म करताना नावे कशी निवडली आहेत तेही पाहण्यासारखे आहे. कोल्ह्याच्या पिलाला ससा म्हणणे हे निखळ खोटे. ससा धर्मशास्त्रात भक्ष्य मानलेला, आकाराने जवळपास तेवढाच, शिजल्यावर ओळखू न येणारा. हत्ती-घोड्याला रेडा म्हणताना नुसते नाव पुरणार नाही, म्हणून तिथे कुटलेले मांस, वेसवार, सांगितला आहे. नाव जिथे तोकडे पडते तिथे खलबत्ता मदतीला येतो. वाघसिंहांना मात्र ‘मृग’ म्हटले आहे, आणि इथे वैद्य पुरता खोटारडा ठरत नाही. मृग हा शब्द हरणापुरता आकसला तो पुढे. वेदांत कोणतेही रानटी जनावर मृग आहे, भयंकर असले तरी. सिंहाला मृगराज, मृगेंद्र म्हणतात तो हरणांवर राज्य करतो म्हणून एवढ्यापुरते नव्हे, आणि शिकारीला मृगया म्हणतात ती फक्त हरणांची नसते. चरक स्वतः प्रसह वर्गाला ‘मृगपक्षी’ म्हणतो, म्हणजे त्याच्याच ग्रंथात वाघ मृग आहे. रोग्याने ‘हे काय?’ विचारले की वैद्याने ‘मृग’ म्हणायचे. वैद्य एक अर्थ बोलतो, रोगी दुसरा अर्थ खातो. श्लेष अलंकाराचा इतका रोकडा वापर काव्यशास्त्रातही विरळाच.

आपली म्हण सांगते की वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो. वाघाला नावाने फरक पडत नाही. वाघ खाणाऱ्याला पडतो.

आता धर्मशास्त्राकडे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एकटे फिरणारे प्राणी आणि ‘अज्ञात’ पशुपक्षी खाऊ नयेत, असे म्हटले आहे. त्याच श्लोकात पाच नखांचे सगळे प्राणी वर्ज्य केले आहेत. लगेच पुढे अपवाद येतात : साळिंदर, त्याचाच जातभाई शल्यक, घोरपड, गेंडा, कासव, ससा. मोजले तर सहा भरतात, पण परंपरेने हा नियम ‘पाच नखांचे पाच’ असाच सांभाळला. याज्ञवल्क्याच्या यादीत पाचच आहेत. गेंडा गळला आहे. पाच नखांची ही कसोटी वरवर शरीररचनेची दिसते, पण तिच्या जाळ्यात वाघ, अस्वल, लांडगा, कुत्रा, मांजर, माकड आणि माणूसही एकदमच सापडतो. नखे मोजता मोजता माणूस स्वतःला वगळून घेतो.

त्यातल्या ‘अज्ञात’ या शब्दाकडे मात्र भाष्यकारांपेक्षा आपण अधिक लक्ष द्यायला हवे असे मला वाटते. मनू अनोळखी जनावर खाऊ नको म्हणतो, आणि चरक ओळखीचे जनावर अनोळखी करून खायला घालतो. एवढ्यावर हे थांबत नाही. न कळत खाल्लेल्याच्या शुद्धीसाठी द्विजाने वर्षातून एकदा तरी कृच्छ्र करावे, असे मनू सांगतो. जाणून खाल्ले असेल तर विशेष. अकराव्या अध्यायात कच्चे मांस खाणारे प्राणी, डुक्कर, उंट, कोंबडा, माणूस, कावळा, गाढव यांच्या भक्षणासाठी तप्तकृच्छ्र आहे : तीन दिवस गरम पाणी, तीन दिवस गरम दूध, तीन दिवस गरम तूप आणि तीन दिवस गरम वारा पिऊन राहायचे. त्याच अध्यायात अजाणता खाल्लेले अभक्ष्य ओकून टाकावे, असा आदेश आहे. रोग्याने ओकू नये म्हणून चरक नाव लपवतो आणि मनू नाव कळताच ओक म्हणतो. दोन्ही ग्रंथ एकाच माणसाच्या एकाच घासावर उभे आहेत. एकाला घास पोटात राहायला हवा, दुसऱ्याला बाहेर यायला हवा, आणि दोघांनाही पक्के माहीत आहे की हे ठरणार ते जिभेने नव्हे, नावाने. रोग्याला वर्षातून एकदाचे कृच्छ्र पुरते का, वैद्याला पाप लागते का, असले प्रश्न त्यांच्यातल्या फटीत राहतात. महामहोपाध्याय काण्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या दुसऱ्या खंडात भोजनविषयक नियमांचा अवाढव्य पसारा मांडला आहे, तो वाचताना या फटीची आठवण वारंवार होते.

याच ‘पाच नखांच्या पाच’ नियमाची व्याकरणात झालेली बदली तर फारच मनोज्ञ आहे. शब्दशास्त्रात शुद्ध शब्द शिकवावेत की अपशब्द, असा प्रश्न पतंजली महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात घेतो आणि उदाहरण काढतो ते या नियमाचे. पाच प्राणी भक्ष्य म्हटले की बाकीचे अभक्ष्य हे आपोआप कळते. तसे एकाचा उपदेश केला की दुसऱ्याचा निषेध होतो. (वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे हा भाग मराठी वाचकालाही मोकळा आहे.) मीमांसकांनी या वाक्याला परिसंख्येचे ठेवणीतले उदाहरण केले : वाक्य दिसते खा म्हणणारे, पण सांगते इतर खाऊ नको म्हणून. घोरपड खाण्याची परवानगी ही घोरपडीसाठी नाहीच. ती वाघाच्या, कुत्र्याच्या, माकडाच्या नकारासाठी आहे.

माकडाने तो नकार आपल्या बचावासाठी वापरलेला आहे. किष्किंधाकांडात रामाचा बाण लागून पडलेला वाली रामाला जाब विचारतो. भूमी, सोने, रूपे यांसाठी भांडण होते. माझ्या वनात, माझ्या फळांत तुला लोभ कसला? मग तो शिकाऱ्याचा हिशेब मांडतो. माझे कातडे सज्जनांनी पांघरण्याजोगे नाही, केस आणि हाडे वर्ज्य, मांस तुझ्यासारख्या धर्मशीलांना अभक्ष्य. आणि तो यादी म्हणून दाखवतो : साळिंदर, त्याचा भाईबंद, घोरपड, ससा आणि पाचवे कासव. मी पाच नखांचा, पण त्या पाचांतला नाही. मग मारलेस कशाला? मरणाऱ्या वानराच्या तोंडी भक्ष्याभक्ष्याचा नियम घालणाऱ्या कवीला या नियमाची दुसरी बाजू दिसली असणार. ज्याला खाता येत नाही आणि ज्याचे कातडे चालत नाही, त्याला मारण्याचे शिकारीपुरते कारण संपते. रामाच्या उत्तरात अनेक मुद्दे आहेत. मांसाहारी माणसे मृगांना मारतातच आणि तू शाखामृग आहेस, असाही एक आहे. पुन्हा तोच शब्द! वाली ‘पंचनख’ म्हणून सुटू पाहतो आणि राम त्याला ‘मृग’ म्हणून धरतो.

वालीने मांसाआधी कातडे आणि केस काढले, त्याला अर्थ आहे. मांसभक्षकाचे मांस नाकारणाऱ्या परंपरेने त्याच्या कातड्याला कधी फारसे नाकारले नाही. राजसूयात राजा व्याघ्रचर्मावर पाय ठेवतो. तपस्वी त्यावर बसतात. सौत्रामणी यागात तर सुरेच्या पात्रांत लांडगा, वाघ आणि सिंह यांचे केस मिसळण्याचा विधी ब्राह्मणग्रंथांत येतो; सोमाने पोळलेल्या इंद्राच्या शरीरातून ही जनावरे निघाली, अशी त्यामागची कथा. वाघाचे बळ हवे, वाघ पोटात नको, यावर काढलेली ही तोड म्हणजे केस. चरकाने नावाचा आडपडदा घेतला, याज्ञिकांनी प्रमाणाचा.

या सगळ्या आडपडद्यांना बाजूला सारणारा प्रसंग शांतिपर्वात आहे. बेलवलकरांनी संपादलेल्या भांडारकर संस्थेच्या प्रतीत तो एकशे एकोणचाळिसाव्या अध्यायात येतो. त्रेता-द्वापराच्या सांध्यावर बारा वर्षांचा दुष्काळ. भुकेने कोलमडलेला विश्वामित्र चांडाळांच्या वस्तीत पोहोचतो. फुटकी मडकी, कुत्र्यांची कातडी, हाडे यांचे वर्णन कवीने लांबवले आहे. तिथे नुकत्याच मारलेल्या कुत्र्याची तंगडी त्याला दिसते आणि रात्री ती चोरण्याचे तो ठरवतो. चांडाळ जागा होतो. कुत्रा रानटी नाही, हे खरे. पण चरकाच्या प्रसहांत तो आहे, पाच नखांचा आहे, आणि मांसभक्षकाच्या मांसावर जाणत्या माणसांत झालेला सगळ्यांत सविस्तर वाद तोच आहे.

इथे कोणी नाव बदलत नाही. विश्वामित्र म्हणतो, मी कुत्र्याची तंगडी नेणार. चांडाळ त्याला समजावतो की सगळ्या जनावरांत कुत्रा अधम, आणि त्याच्या अंगातही हा भाग सर्वांत वाईट. पुढे तर तोच ऋषीला ‘पाच नखांचे पाच’ हा नियम ऐकवतो : शास्त्र प्रमाण मानत असशील तर अभक्ष्यावर मन ठेवू नकोस. वेदांची दारे ज्याला बंद आहेत त्याच्या तोंडी स्मृतीचा नियम, आणि तो मोडायला निघालेला मंत्रद्रष्टा! विश्वामित्र अगस्त्याचा दाखला देतो, भुकेल्या अगस्त्याने वातापी असुराला खाल्लेच ना. आणि मग म्हणतो, कुत्रा आणि मृग मला सारखेच वाटतात. चरकाच्या वैद्याने जे रोग्याच्या कानाआड केले ते विश्वामित्र उघड्या तोंडाने करतो. वाघाला मृग म्हणून वाढणे आणि कुत्रा मृगासारखाच आहे म्हणून उचलणे, कृती जवळची आहे. पण एकात खाणाऱ्याचे ज्ञान काढून घेतले आहे, दुसऱ्यात खाणारा ते ज्ञान अंगावर घेतो.

हा प्रसंग आपद्धर्माचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो आणि तेवढ्यावरच सोडला जातो. मला त्यात चांडाळाचे एक वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. तो म्हणतो, ही तंगडी तुला देण्याचे मला धाडस होत नाही, आणि माझे स्वतःचे अन्न नेले जात असताना दुर्लक्षही करवत नाही. देणारा मी आणि घेणारा तू, दोघेही मळू. ‘माझे स्वतःचे अन्न.’ इतका वेळ जो अभक्ष्य पदार्थ होता, तो या वाक्यात एका घरचे जेवण होतो. दुष्काळ त्या वस्तीवरही बाराच वर्षांचा होता. पुढे विश्वामित्र ती तंगडी नेतो, विधीने शिजवतो, देवपितरांचे भाग काढतो. तोच इंद्र पाऊस पाडतो आणि ऋषी ते हवी न चाखताच कर्म पुरे करतो. सगळा वाद झाला, चोरी झाली, आणि ज्याच्यासाठी झाली त्याने घासही घेतला नाही. तंगडीच्या मालकाने त्या रात्री काय खाल्ले, हे सांगायला महाभारतकार थांबत नाहीत.

त्या बाजूने लिहायला आपल्या भाषेत फार काळ कोणी नव्हते. शाहू पाटोळ्यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकातले जिन्नस आपापल्या नावांनी छापले गेले. त्या पुस्तकाचा विषय वाघ-कोल्हे नाहीत. पण अन्नाला खाणाऱ्याने स्वतः दिलेले नाव लावण्याची जी रीत त्यात आहे, ती चरकाच्या यादीच्या थेट उलट टोकाला उभी आहे. राजेलोकांना ही मुभा आधीपासून होतीच. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’च्या अन्नभोगात शेतातल्या, नदीकाठच्या काळ्या उंदरांना भाजण्याची कृती नावानिशी सांगतो, आणि त्याला ना छद्म लागते ना कृच्छ्र.

आणि घोरपड? मनू, याज्ञवल्क्य, वाली, सगळ्यांच्या यादीतून सुखरूप पार पडलेली ही घोरपड स्वतः मांसभक्षक आहे. अंडी, बेडूक, उंदीर, किडे यांवर जगते. शास्त्राने परवानगी दिलेल्या पाचांत एक शिकारी बसला आहे, हे कोणाला खटकलेले दिसत नाही. महाराष्ट्रात तिचे मांस कंबरदुखीवर, अशक्तपणावर खाण्याची समजूत मुरलेली आहे. चरकाचा रोगी आणि आपला गावकरी यांत तेवढे नाते उरले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती अवध्य झाली, आणि स्मृतींची भक्ष्य घोरपड सरकारी यादीत वाघाच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हापासून तिला पुन्हा नाव बदलून फिरावे लागते. पूजेच्या सामानाच्या दुकानांत आणि इंटरनेटवर ‘हत्ताजोडी’ नावाची, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी दुर्मीळ मुळी विकली जात असे. लोक ती शेंदूर लावून तिजोरीत ठेवत. 2017 साली तपासणीत निघाले की ती मुळी नाहीच. नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे, वनस्पतीच्या नावाने.